दुसरी फुंकर

"जोरात फुंका, बेन. अजून जोरात."

मी फुंकलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला जमादाराच्या हातातलं यंत्र होतं. ते किंचाळलं आणि त्यावर लाल दिवा लागला. जमादारानं आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागच्या सीटवर बसलेल्या जुईकडे.

"तुम्ही?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं.

नवापूर नुकतंच मागे पडलं होतं. सीमा ओलांडली की गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी. दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातून येणारी प्रत्येक गाडी ते थांबवत होते. डिकी उघडायची, चालकानं फुंकायचं. मी भाऊबीजेसाठी सुरतेला भावाकडे निघाले होते. नंदुरबारच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत असे. दारूची चव मला माहीत नव्हती. तिचं रेणुसूत्र तेवढं माहीत होतं.

"मी मुलीचं औषध घेतलंय," मी म्हणाले. "आत्ताच, जेवण झाल्यावर. ती घेत नव्हती म्हणून आधी मी एक झाकण पिऊन दाखवलं."

जुई तेव्हा सहा वर्षांची होती. कुठलंही औषध समोर धरलं की तिचं एकच म्हणणं असे, 'आधी तू.' त्या दुपारीही नवापूरच्या खाणावळीबाहेर, गाडीत बसता बसता, ती तेच म्हणाली होती.

मी पिशवीतून बाटली काढून जमादाराच्या हातात दिली. त्यानं बूच उघडून वास घेतला आणि झटकन बंद केलं.

"हे आसव आहे," मी म्हणाले. "अरविंदासव. लहान मुलांना भूक लागावी म्हणून देतात. ते आंबवून करतात, त्यामुळे त्यात थोडं अल्कोहोल तयार होतंच. ते माझ्या तोंडात राहिलंय, रक्तात नाही. पाव तासात उडून जाईल. तुम्ही थांबा, आणि मला पुन्हा फुंकायला लावा. नाहीतर माझं रक्त घ्या."

"बेन, बाटली आत ठेवा. मी ती पाहिली नाही."

"पण मला ती दाखवायचीच आहे."

"तुम्हाला समजत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "ही बाटली कागदावर आली तर दारूबंदीची केस. रक्त घ्यायचं तर सरकारी दवाखाना, तिथून लॉकअप. छोकरीला कुठे ठेवणार? मला पण दोन मुली आहेत. मी फक्त ट्रॅफिकचं चलान करतो. कोर्टात जायचं, दंड भरायचा, लायसन घ्यायचं, संपलं."

"मला तपासणी हवी आहे."

"मी दया करतोय, बेन."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. जुई रडायला लागली. मी सही केली. त्यानं माझं लायसन्स काढून घेतलं आणि समोरच्या टपरीकडे बोट दाखवलं. "लगेच गाडी चालवू नका. तिथे तासभर चहा घेत बसा, मग सावकाश जा."

मी बसले. पाव तास झाल्यावर उठून त्याच्याकडे गेले. "आता फुंकू?"

तो हसला. "बेन, एकदा लिहिलं ते लिहिलं."

उरलेला वेळ मी त्या टपरीवर जुईला मांडीवर घेऊन बसून काढला. माझा श्वास स्वच्छ होता आणि तो कोणालाही नको होता.

श्रीरंगपासून मी वेगळी राहायला लागले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मोठं भांडण असं काही झालं नव्हतं. बोलणं संपलं होतं. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता. निकाल लागेपर्यंत जुई माझ्याकडे, आणि रविवारी तिच्या वडिलांकडे. ते घर वैद्यांचं. माझे सासरे, त्र्यंबक उपासनी, यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. आसवं, अरिष्टं, सगळं ते घरी करत. अरविंदासवाची ती बाटली त्यांनीच जुईच्या पिशवीत घातली होती. मला ती द्यायची फारशी इच्छा नव्हती. पण 'आई औषधसुद्धा देत नाही' असं कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून मी रोज दोन वेळा न चुकता देत होते.

दिवाळीनंतरच्या रविवारी जुईनं तिकडे सांगितलं, "आईनं पोलीसकाकांच्या शिट्टीत फुंकलं आणि शिट्टी लाल झाली." तिला ती मोठी गंमत वाटली होती.

आठवड्याच्या आत श्रीरंगचा अर्ज आला. आई मुलीला गाडीत बसवून दारूच्या नशेत परराज्यात गाडी चालवते, सबब मुलीचा ताबा तातडीनं वडिलांकडे द्यावा. नंदुरबारच्या न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "तिकडच्या खटल्याचा निकाल येऊ द्या. मग बघू."

बाहेर आल्यावर माझ्या वकिलांनी मला अर्थ सांगितला. "तिथे शिक्षा लागली, मग ती शंभर रुपये दंडाची का असेना, तर मुलगी गेली म्हणून समजा."

सीमेपलीकडच्या तालुक्याच्या कोर्टात पहिल्या तारखेला मी गेले तेव्हा माझ्यासारखेच वीसेक जण भिंतीला लागून ओळीनं उभे होते. कारकून नाव पुकारायचा, माणूस पुढे व्हायचा.

"गुन्हा कबूल?"

"कबूल, साहेब."

दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. म्हणजे मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. तिथे शिक्षा भोगणारे एकमेकांना शेंगदाणे देत होते. माझ्या आधीचा ट्रकवाला 'कबूल' म्हणाला तो प्रश्न पुरा व्हायच्या आधीच.

"हेमांगी उपासनी. गुन्हा कबूल?"

"नाही," मी म्हणाले.

कारकुनाचा हात पुढच्या कागदाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. शेंगदाण्यांची कुरुमकुरुम बंद झाली.

"मॅडम, तुम्ही पहिल्याच," रमिलाबेन मला व्हरांड्यात म्हणाली. "इतकी वर्षं इथे वकिली करते, या कलमात कोणी नाही म्हणालं नाही. नाही म्हटल्यावर कुठला कागद काढायचा ते कारकुनाला आठवेना, पाहिलंत?"

रमिलाबेन गामीत नवापूरच्या बाजूची. आजोळ महाराष्ट्रात, वकिली गुजरातेत. तिचं मराठी घरचं होतं आणि तोंड फटकळ. मी तिला माझी केस दिली आणि सगळं सांगितलं. तिनं मध्ये न बोलता ऐकलं.

"औषध कोण बनवतो?"

"माझे सासरे."

"ज्यांचा मुलगा तुमची मुलगी मागतोय, ते?"

"हो."

तिनं फाइल मिटली. "मग कबूल करा आणि शेंगदाणे खा."

"मी बाटली जपून ठेवली आहे. मी स्वतः कॉलेजात ऊर्ध्वपातन करून पाहिलं. त्यात नऊ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आहे."

"मॅडम, आरोपी तुम्ही, आणि तपासणार पण तुम्हीच? सरकारी वकील देसाई पोट धरून हसतील. बाटलीवर कंपनीचं लेबल नाही, हातानं लिहिलेली चिठ्ठी. जमादार म्हणणार, बाटली पाहिलीच नाही. ही बाटली मुलीच्या औषधाची, आणि त्यात अल्कोहोल असतं, हे एकच माणूस सांगू शकतो."

"मी त्यांना विचारते."

"विचारा." ती माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, मुलीला विचारू का साक्षीत? सहा वर्षांची आहे, पण—"

"नाही," मी म्हणाले. "तिला पिंजऱ्यात उभं करायचं नाही."

तात्यांच्या दवाखान्यात मी गेले तेव्हा दुपारची वेळ होती. बाहेरच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. आत भिंतीला लागून आसवांचे माठ, त्यांची तोंडं कापडानं आणि मातीनं बांधलेली. खोलीभर गूळ आणि धायटीच्या फुलांचा आंबूस वास. या घरात मी सात वर्षं राहिले होते. तो वास माझ्या साड्यांना लागलेला असे.

"ये," तात्या म्हणाले. खलातला बत्ता त्यांनी थांबवला नाही.

"तात्या, तुम्हाला माहीत आहे मी कशासाठी आले."

"श्रीरंगानं सांगितलंय."

"तुम्ही फक्त एवढं सांगायचं, की बाटली तुम्ही दिलीत, आणि आसवात—"

"आसवात काय?"

"अल्कोहोल असतं. आपोआप तयार झालेलं. तुम्हाला माहीत आहे ते."

"मला काय माहीत आहे ते तू मला सांगू नकोस." बत्ता थांबला. "पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलोय, ही दारू नव्हे. बाहेर त्या बसल्यात ना, एकीच्या गळ्यात माळ आहे. कांद्याला शिवत नाही. माझ्या शब्दावर अशोकारिष्ट घेते. उद्या मी कोर्टात उभा राहून सांगू, की बाई, मी तुला दारू पाजत होतो? पोरांना पाजत होतो?"

"दारू म्हणू नका. मद्यांश म्हणा."

"गुजरातच्या कोर्टात मद्यांश म्हणजे दारूच."

ते खरं होतं.

"तात्या, जुई जाईल माझ्याकडून."

"कुठे जाईल? तिच्या बापाकडेच येईल. याच घरात. परक्याच्या दारात नाही जात ती."

मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लग्नात आणि सणावारी मी त्यांना नमस्कार केला होता, पण असं कोणाच्या पायाशी मी कधी पडले नव्हते. पडले तर शब्द सुचतील असं वाटलं होतं, तेही सुचले नाहीत. त्यांनी पाय मागे ओढले.

"ऊठ. पेशंट बघतायत."

मी उठले. "तात्या, तुम्हाला साक्षीचं समन्स येईल. सांगून ठेवते."

"धमकी?"

"नाही. अचानक यायला नको म्हणून."

"येऊ दे. आलो तर माझ्या औषधाबद्दल जे पन्नास वर्षं बोललो तेच बोलेन." बत्ता पुन्हा सुरू झाला. मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरगी जेवते का नीट?"

"जेवते," मी म्हणाले.

साक्षीची तारीख जवळ आली तसं मी जुईला स्वतःची वेणी घालायला शिकवायला घेतलं. बुटांची नाडी, दप्तर भरणं, नखं कापायची असतील तेव्हा कोणाला तरी सांगणं. तिकडे तिची आजी होती, तिनं सगळं प्रेमानं केलं असतं. तरीही मी शिकवत राहिले. एकदा बँकेतून पैसे काढून आणले आणि बॅग भरली. सुरतेहून पुढे कुठेतरी निघून जायचं आणि परत यायचंच नाही, असं मनात होतं. मग लक्षात आलं की गाडी चालवायला माझ्याकडे लायसन्स नाही. बॅग रिकामी करताना जुईनं विचारलं, "आपण कुठे जाणार होतो?" मी सांगितलं, कुठे नाही, कपडे वाळवायचे होते.

"समन्स काढू नये असं अजून माझं मत आहे," रमिलाबेन फोनवर म्हणाली. "ते आले आणि नाही म्हणाले, तर संपलं. न आलेला साक्षीदार बरा."

"काढा," मी म्हणाले. "दुसरं काही नाही माझ्याकडे."

तात्या आले. पांढरं धोतर, काळा कोट, टोपी. बरोबर श्रीरंग होता. तो मागच्या बाकावर, शिक्षा भोगणाऱ्यांच्या शेजारी बसला. मी त्या दिवशी भावाला बरोबर घेतलं होतं. तो आदल्या दिवशी नंदुरबारला आला होता आणि माझी जुनी मारुती त्यानंच चालवत आणली होती. पण तो कामासाठी तिथूनच सुरतेची बस धरून गेला. माझी गाडी कोर्टाच्या आवारात उभी होती आणि ती परत कशी न्यायची याचा विचार मी केलेला नव्हता.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, त्यांना सर्दी झाली होती. कामकाज गुजरातीत चालायचं, तात्यांसाठी ते हिंदीत आले. मी इथे मराठीत सांगते आहे. आधी जमादाराची साक्ष झाली. यंत्र वाजलं, चलान केलं. बाटली? पाहिली नाही, साहेब. त्यानं यंत्र बरोबर आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मला ओळख दाखवावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मग तात्या पिंजऱ्यात गेले. रमिलाबेननं बाटली त्यांच्यासमोर धरली.

"ही तुमची?"

"माझी. चिठ्ठीवरचं अक्षर माझं."

"तुमच्या नातीला तुम्ही दिलीत?"

"दिली."

इथपर्यंत त्यांनी एकही शब्द फिरवला नव्हता.

"वैद्यजी, या औषधात अल्कोहोल असतं?"

तात्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "नाही," ते म्हणाले. "आसव हे औषध आहे. दारू नव्हे."

रमिलाबेन बाटली हातात धरून उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागे श्रीरंगनं पाय पसरल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांपुढे जुईचं दप्तर आलं, तिनं स्वतः भरलेलं, एक वही उलटी घातलेली.

सरकारी वकील देसाई उठले. त्यांना उठायची गरज नव्हती, पण उठले. "वैद्यराज, म्हणजे हे झाकणभर घेतलं तर यंत्र वाजणार नाही?"

"वाजायचं कारण नाही."

"म्हणजे बाई खोटं बोलतात."

"ते मी कसं सांगू? मी तिथे नव्हतो." तात्या मॅजिस्ट्रेटांकडे वळले. "पण माझं औषध इथे आहे, यंत्र इथे आहे. साहेब, मी घेतो. नाही वाजलं तर ती खोटी. वाजलं तर मी खोटा."

कोर्टात हशा पिकला. "वैद्यराज," मॅजिस्ट्रेट नाक पुसत म्हणाले, "हे कोर्ट आहे. आणि या राज्यात दारूबंदी आहे."

"औषधबंदी नाही ना?"

पुन्हा हशा. मॅजिस्ट्रेटनी देसाईंकडे पाहिलं. "हरकत?"

"मला कसली हरकत?" देसाई खुशीत होते. "साक्षीदार त्यांचा आहे."

रमिलाबेन खाली बसली. "बसून राहा," ती मला पुटपुटली. "आता काही बोलू नका."

मी उभी राहिले. "साहेब, त्यांना आधी काही न घेता फुंकू द्या."

"का?"

"आधी यंत्र शून्य दाखवतंय हे कळलं पाहिजे. नाहीतर नंतर जो आकडा येईल त्याला अर्थ नाही."

रमिलाबेननं माझा पदर ओढला. तात्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

जमादारानं नवी नळी बसवली. तात्यांनी फुंकलं. यंत्र गप्प राहिलं. शून्य.

मग जमादारानं झाकण भरलं. थोडं औषध टेबलावर सांडलं आणि तो ओळखीचा वास कोर्टात पसरला. तात्यांनी झाकण ओठांना लावून रिकामं केलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी ते लगेच गिळलं नाही. डोळे मिटले. गाल किंचित फुगले, जबडा हळूच हलला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग गळा हलला.

"आण," त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी फुंकलं आणि यंत्र किंचाळलं. तोच आवाज. मागच्या बाकावरचे लोक उभे राहिले. जमादारानं आकडा वाचला, तो माझ्या आकड्याच्या दुप्पट होता.

"तात्या!" श्रीरंग ओरडला.

"बसा खाली," मॅजिस्ट्रेट म्हणाले. आता ते हसत नव्हते. "वैद्यराज, काय झालं?"

"वाजलं."

"म्हणजे काय?"

तात्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी टोपी काढली आणि कठड्यावर ठेवली. "म्हणजे मी खोटा," ते म्हणाले.

मी पुन्हा उभी राहिले. पुढची पायरी मला माहीत होती. "साहेब, आता पाव तास थांबू द्या. त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका. मग पुन्हा."

मॅजिस्ट्रेटनी घड्याळाकडे पाहून मान हलवली आणि मधल्या वेळात दुसरी कामं घेतली. कबूल, साहेब. कबूल, साहेब. तात्यांना खुर्ची देऊ केली, त्यांनी घेतली नाही. म्हातारा माणूस सगळा वेळ पिंजऱ्यात उभा राहिला. मागे कुजबुज चालली होती, 'दारूवाले वैद्य' हे शब्द मला ऐकू आले, म्हणजे त्यांनाही आले असणार.

वेळ झाली. तात्यांनी फुंकलं. यंत्र वाजलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी स्वतः यंत्र हातात घेऊन आकडा पाहिला. मग जमादाराकडे वळले. "बाईंनी पुन्हा तपासा म्हणून सांगितलं होतं?"

जमादारानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "सांगितलं होतं, साहेब. रक्त पण घ्या म्हणाल्या होत्या. औषधाची बाटली दाखवत होत्या. छोकरी रडत होती... मी दया केली."

"कोणावर?"

जमादार टेबलावर सांडलेलं औषध रुमालानं पुसायला लागला. तो वाईट माणूस नव्हता. मी आजही त्याला वाईट म्हणू शकत नाही.

निकाल छोटा होता, निर्दोष. टंकलेखकानं तो दोनदा चुकवला. कारकुनानं माझं लायसन्स लिफाफ्यातून काढून माझ्या हातात दिलं तेव्हा रमिलाबेन म्हणाली, "मॅडम, मी फी घेऊ की तुम्हाला द्यायची?" आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागली.

बाहेर आवारात श्रीरंग तात्यांवर चिडला होता. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं घ्यायला? नाही म्हणालात तिथेच संपलं होतं! आता गावात काय तोंड दाखवणार आपण?"

"तू गाडी घे पुढे," तात्या म्हणाले.

श्रीरंग पाय आपटत गाडीकडे गेला. तात्या लिंबाच्या सावलीत उभे राहिले. मी त्यांच्यापाशी गेले.

"तात्या, तुम्ही लगेच गिळलं नाहीत."

"हं."

"तोंडात घोळवलंत. मग फुंकलंत."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "पोरीला देतो ते लागतं कसं ते बघत होतो," ते म्हणाले. "गोड आहे चांगलं. उगाच नखरे करते."

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या हयातीत पुन्हा कधीच विचारलं नाही. त्या हिवाळ्यात ही गोष्ट नंदुरबारभर झाली. कांद्याला न शिवणारी ती बाई दवाखान्यात यायची बंद झाली, आणि तिच्यासारख्या पुष्कळ. तात्यांनी एक एक करून माठ रिकामे केले आणि पुढे आसव म्हणून केलं नाही. चूर्णं आणि काढे तेवढे देत राहिले. पुढच्या तारखेला श्रीरंगच्या वकिलानं अर्ज मागे घेतला.

पण त्या दुपारी हे काही घडलेलं नव्हतं. श्रीरंगनं गाडी वळवून फाटकापाशी आणली आणि हॉर्न वाजवला. तात्यांनी तिकडे पाहिलं, आणि चालत माझ्या मारुतीकडे गेले. पुढच्या, चालकाशेजारच्या दारापाशी उभे राहिले.

"उघड."

"तात्या, श्रीरंग थांबलाय."

"थांबलाय, दिसतंय मला. उघड तू. मागे बसलो की मला मळमळतं."

मी दार उघडलं. श्रीरंग काच खाली करून बघत होता. तात्या आत बसले, धोतर सावरलं, दार ओढून घेतलं आणि पट्टा कुठे अडकवायचा ते मला विचारलं. मी अडकवून दिला. श्रीरंगनं आणखी एकदा हॉर्न वाजवला, मग वाजवायचं थांबवलं.

आम्ही निघालो. श्रीरंगची गाडी आमच्या मागे होती, आरशात दिसत होती. तो पुढे जाऊ शकत होता, पण गेला नाही. शेतांत ऊस उभा होता. काही वेळानं मी शेजारी पाहिलं तर तात्यांची मान खांद्यावर कलली होती, तोंड थोडं उघडं होतं, हात मांडीवर सैल पडले होते. सीमा यायच्या आधीच त्यांना गाढ झोप लागली होती.